आधी बापाचं गाव विचारावं

योसिना,

हे मी मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुला वाचता येणार नाही. बरंच आहे ते. आमच्या मंडळाच्या अंकासाठी इथल्या एखाद्या साध्या माणसाबद्दल लिहा म्हणाले. बाकीच्या बायका आपापल्या जर्मन शेजारणींवर लिहितील, त्यांच्या खिडकीतली फुलं आणि सफरचंदाचा केक. मला तो कंटाळा नको होता.

आमच्या यांचं, पद्माकरांचं, खुब्याचं हाड मोडलं आणि घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या फ्लेगेडीन्स्टनं रोज सकाळी अंघोळ घालायला तुला लुडविग्सहाफेनच्या आमच्या घरी पाठवायला सुरुवात केली. बुटकी, रुंद, मनगटात भरपूर जोर. पहिल्याच दिवशी हे कळवळले, "अहो बाई, जरा सावकाश!" तेही मराठीत. तू तुझ्या भाषेत काहीतरी सुनावलंस आणि त्यांना सरळ कुशीवर वळवलंस.

"ही इंडोनेशियन भाषा का?" मी विचारलं.

"नाइन, ओमा. ही आजीची."

मला तू पहिल्यापासून ओमाच म्हणालीस. आजीला जर्मन लोक ओमा म्हणतात, आणि इंडोनेशियातल्या तुमच्या सेराम बेटावरही डचांच्या कृपेनं तेच म्हणतात. मग एकेक कळत गेलं. तुमच्या किनाऱ्यावर गावागणिक भाषा वेगळी, पण सगळ्या एकमेकींच्या इतक्या जवळच्या, की शेजारच्या गावातलं भांडण भिंतीआडूनही समजावं. आता मात्र सगळीकडे मलय. तुमच्या ख्रिस्ती गावात चर्चनं आणि शाळेनं जुनी भाषा कधीच मोडीत काढली. मुसलमान गावांत थोडी उरली आहे. तुझ्या गावात ती बोलणाऱ्या दोनच म्हाताऱ्या होत्या, तुझी आजी आणि आजीची वैरीण. वैरीण गेली तेव्हा आजी ढसाढसा रडली, आता भांडू कोणाशी म्हणून. मग तीही गेली. तुला आजीनंच वाढवलेलं, म्हणून भाषा तुझ्याकडे उरली, आणि तू ती घेऊन जर्मनीत आलीस. इथे ती ऐकायला फक्त पद्माकर. ते कशालाही हो म्हणतात.

"तुला काय हवंय गं?" मी एकदा विचारलं होतं.

"कोणीतरी उलट बोलायला हवं," तू म्हणालीस. "मी बोलते, पण समोरून काही येतच नाही."

हे मला नीट कळलं. माझ्या नातीला, अन्वीला, सगळं मराठी कळतं आणि उत्तर येतं ते जर्मनमध्ये.

आणि मग फ्रँकफर्टला इंडोनेशियन लोकांच्या जत्रेत तो इद्रिस भेटला. भजी तळताना तेल हातावर उडालं आणि त्यानं तुमच्या किनाऱ्यावरच्या बोलीत एक शिवी हासडली. तू रांगेतून ओरडलीस, "ती शिवी आमच्याकडे अशी नाही देत!" दुसऱ्या दिवशी मला दोन्ही शिव्या म्हणून दाखवल्यास. मला फरक कळला नाही. तुझा चेहरा मात्र कळला.

इद्रिस विमानतळावर मालाच्या पेट्या चढवायचा. सुट्टीच्या दिवशी इकडे यायचा, पद्माकरांना खुर्चीत बसवायला हात द्यायचा, आणि मग माझ्या स्वयंपाकघरात तुम्ही दोघं चहाचं कोमट पाणी होईपर्यंत बोलत बसायचात. तो एक शब्द म्हणायचा, तू तुझ्या गावचा म्हणायचीस, तो टेबलावर थाप मारायचा. "आमच्या घरात मुलं दोन्ही बोलतील," तू एकदा मला बजावलंस, जसं काही मी नको म्हणणार होते. मी म्हटलं, "आधी चहा प्या."

लग्नाचं सांगायला गावी काकांना फोन केलास तेव्हा मी तिथेच होते. मला वाटलं, धर्मावरून गाडी अडणार, आणि त्यासाठी मी भाषणही तयार ठेवलं होतं. काकांनी धर्म विचारलाच नाही. विचारलं, "बापाचं गाव कोणतं?"

झालं. तू इद्रिसला त्याच्या बोलीचं गाव विचारलं होतंस. ते त्याच्या आईचं. तो त्याच आजोळी वाढला आणि बोलायला शिकला. बापाचं गाव दुसरंच निघालं. ते तुमच्या गावाचं पेला. (आपला पाण्याचा नव्हे. दोन गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळायची भाऊपणाची शपथ, तिला ते पेला म्हणतात.) एक गाव चर्चवालं, दुसरं मशीदवालं असलं तरी भाऊ ते भाऊच. आणि त्यांच्यात लग्न होत नाही.

"आमच्यातही सगोत्राचं असलं खूळ होतं," मी म्हटलं. "मुलगी मामाला दत्तक द्यायची, गोत्र बदललं, लावा लग्न. तुलाही कोणी दत्तक घेतं का बघू. आणि इथे लुडविग्सहाफेनमध्ये बघतंय कोण?"

"मी बघतेय ना, ओमा."

"अगं, सख्खा आहे का तो?"

"सख्ख्याहून जास्त. सख्खा भाऊ नाही म्हणू शकतो. पेलातला भाऊ आपण मागू त्याला नाही म्हणू शकत नाही."

मी कधीतरी वकिली शिकायला हवी होती. लगेच म्हटलं, "मग माग की! लग्न नको, पण दर रविवारी तासभर बोल म्हणावं, आपल्या भाषेत. नाही म्हणायची सोयच नाही त्याला."

तू टॉवेल पिळता पिळता थांबलीस. असं मागणं फोनवर करायचं नसतं, म्हणालीस, समोर बसून करायचं, आजी तसं सांगायची. आणि एकटीला त्याच्यासमोर बसवणार नव्हतं. "तुम्ही याल?"

"गेनाऊ, येणारच. शनिवारी जाऊ फ्रँकफर्टला. पद्माकरांकडे अन्वी बसेल."

त्या शनिवारी तुझी ड्यूटी निघाली. पुढच्या शनिवारी सर्दी. मग रेल्वेचा संप, तो तरी खरा होता. चौथ्यांदा मी कोट चढवून दारात उभी, आणि तू आलीस ती घरातल्या सपाता घालून.

"हे काय?"

"ओमा, तो हो म्हणेल."

"म्हणूनच तर जायचंय!"

"आजीची वैरीण रोज भांडायला यायची. कोणी मागितलं नव्हतं तिच्याकडे." तू माझा कोट काढून खुंटीला लावलास. "याला मी मागितलं तर तो दर रविवारी येईल, बोलेल. आणि मला कधीच कळणार नाही, त्याला यायचं होतं का."

मी तुला मूर्ख म्हटलं. जर्मनमध्ये म्हटलं, मराठीत आणखी वाईट म्हटलं. तू आत गेलीस आणि पद्माकरांना कुशीवर वळवता वळवता नेहमीसारखी बोलत राहिलीस. ते हो हो म्हणत राहिले.

उन्हाळ्यात तुला गेर्लिंगेनच्या वृद्धाश्रमात काम मिळालं आणि तू इथून गेलीस. इद्रिस अजून विमानतळावरच आहे, असं त्या जत्रेवाल्यांकडून कळलं. त्यानंही फोन केलेला नाही. त्याला वाटत असेल, बहिणीनं मागायला हवं.

फ्रँकफर्टला आपलं जाणं झालंच नाही.

विभावरी