घरची

मिरज स्टेशनवर आप्पांनी माझी ट्रंक बर्थखाली सरकवली, खाली उतरले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "शिकून ये. नुसती राहून येऊ नकोस." शेजारी आई डोळ्यांना पदर लावून उभी होती, कारण सोलापूरच्या स्थळाला नकार कळवून मी काशीला निघाले होते, तेही योग शिकायला. आप्पा बँकेत हेडक्लार्क, मोजकंच बोलायचे. मला रागच आला त्यांचा. एक्याण्णव साल, मी तेवीस वर्षांची, माझ्यापेक्षा शहाणं त्या फलाटावर कुणी नव्हतं.

आदल्या वर्षी गुरुजी मिरजेला योगाचं दहा दिवसांचं शिबिर घ्यायला आले होते. घराणं मूळचं कोकणातलं, पण तीन पिढ्या काशीत, रामघाटावर. माझी कंबर कॉलेजपासून धरलेली. डॉक्टरांचे पट्टे बांधून झाले होते. गुरुजींनी मला उभं केलं, पाठीवर एका जागी बोट टेकवलं आणि म्हणाले, "श्वास इथे आण." आठव्या दिवशी मी पंगतीत मांडी घालून जेवले. हे मुद्दाम लिहिते आहे. ते भोंदू असते तर मला इतका त्रास झाला नसता.

रामघाटाच्या गल्लीत मी ट्रंक घेऊन पोचले तेव्हा गुरुजींच्या पत्नीने, काकूंनी, दार उघडलं. "ये, जल्दी आत ये. सामान नीचे ठेव. इथे संकोच नाही करायचा, तू तर घरचीच!" दोन दिवस कानावर मराठी नव्हतं. तो शब्द ऐकला आणि मला रडू आलं. मला वाटलं, केवढा मान मिळाला! पाहुण्याला आपण मायेने घरचा म्हणतो. पण घरच्या बाईला काय म्हणतो? काहीच म्हणत नाही, नुसत्या हाका मारतो. एवढी साधी गोष्ट मला उमगली नाही.

पहिलं वर्ष गुरुजींनी खरंच शिकवलं. मग छतावर परदेशी विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू झाले, आणि वर्गानंतर त्यांना खिचडी लागायची. काकूंचे गुडघे दुखायचे. मी घरचीच. पहाटे वर गुरुजींचा आवाज सुरू व्हायचा, श्वास घ्या, रोखा, सोडा, आणि खाली मी कणीक मळता मळता त्या मोजणीवर श्वास घ्यायचे. माझा प्राणायाम असा जिन्याखाली झाला. अवघड आसन आलं की वरून हाक यायची. मी हात पुसून जायचे, आसन करून दाखवायचे. गुरुजी म्हणायचे, "देखो, ऐसे," आणि मी परत खाली. माझं शिकणं दुपारवर ढकललेलं असायचं, आणि दुपारी गुरुजी झोपायचे. "तुझं काय, तू घरची, तुझं केव्हाही होईल." हे केव्हाही पाच वर्षं चाललं. आप्पांना पत्रात मी लिहायचे, अभ्यास छान चालू आहे.

सत्त्याण्णव साली जवळच्या मुलींच्या शाळेत योगशिक्षिकेची जागा निघाली. गुरूचं पत्र हवं होतं. मी घाबरत घाबरत विषय काढला. गुरुजी मोठ्याने हसले. "अगं, घरच्यांना कसलं सर्टिफिकेट? सून काय सासूकडून सर्टिफिकेट घेते?" मीही हसले, काय करणार. त्याच दुपारी त्यांनी माझ्यापुढे जाड कागदांचा गठ्ठा ठेवला. महिनाभराचा कोर्स केलेल्यांची प्रमाणपत्रं. माझं अक्षर चांगलं, म्हणून नावं मी घालायची. मार्टिना, पीटर, योको. सुवाच्य देवनागरीत मी एकेकाला योगशिक्षक केलं.

शाळेच्या प्रिन्सिपलबाई भल्या होत्या. त्या स्वतःच गुरुजींना भेटून आल्या आणि दुसऱ्या दिवशी मला वाटेत गाठून अगदी आनंदाने म्हणाल्या, "बहुत तारीफ कर रहे थे आपकी. कह रहे थे, बड़ी अच्छी लड़की है, हमारे यहाँ रसोई देखती है. कैंटीन में एक जगह है, करेंगी आप?"

यात खोटं काय होतं? मी रसोईच बघत होते.

मी ट्रंक भरली. काकू जिन्यात आडव्या आल्या. "तू घरची असून अशी नाराज होऊन जातेस?" बोलायला पुष्कळ सुचलं होतं. तोंडातून आलं एवढंच, "पोळ्या झाल्यात. डाळ गॅसवर आहे, बघा." गुरुजी छतावर होते. ते खाली आले नाहीत.

आता मुन्शी घाटाच्या वर माझी भाड्याची खोली आहे. गल्लीतल्या बायका सकाळी येतात, सतरंज्या पसरतात, गुडघे आणि सुना यांच्याबद्दल एकाच सुरात तक्रार करतात. त्यांना मी शिकवते, आणि चांगली शिकवते. कुणी विचारतं, "दीदी, आपके गुरु कौन?" तेव्हा नाव सांगताना माझा हात आपोआप आदराने कानाच्या पाळीला जातो. त्या हाताचा मला संताप येतो, पण तो जातोच.

मिरजेहून सगळे पत्रात एकच विचारतात, घरी कधी येणार? कुठल्या तोंडाने येऊ? आप्पा काही विचारणार नाहीत, फक्त बघतील. आणि खरं सांगायचं तर घर या शब्दाचीच मला धास्ती बसली आहे. माझ्या खोलीत कुणी घरचं नाही, सगळ्या विद्यार्थिनी आहेत, याचा मला अभिमान वाटत होता.

गेल्या महिन्यात एक मुलगी दारात उभी राहिली. साताऱ्याकडची. प्रवासाने कोमेजलेली, हातात माझा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. "ताई, शिकवाल का मला?" किती दिवसांनी असं गावाकडचं मराठी कानावर पडलं! मला भरून आलं. "अगं, ये ना आत! विचारतेस काय, घरचीच तू. तेवढा चहा टाक बघू, दूध तिथे जाळीच्या कपाटात आहे."

तिने पिशवी भिंतीशी ठेवली. स्टोव्ह पेटवला, आलं शोधून ठेचून घातलं. चहा छान झाला होता. माझा अर्धा कप पिऊन झाला तेव्हा लक्षात आलं, मी तिला अजून नावसुद्धा विचारलं नव्हतं.