सेनोवराच्या घोंगडीची तक्रार

साठी उलटल्यावर मी देवळामागच्या गुरुजींकडे अक्षरे शिकलो, आणि त्याच हिवाळ्यात सेनोवराची व माझी ओळख झाली. आमच्या गावच्या गरम झऱ्याची देवी सुलिस; तिच्या स्नानगृहाच्या दारात ती गरम सॉसेज विकत असे. एके सकाळी ती शिशाचा पत्रा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, तुम्हाला लिहिता येतं म्हणे. माझी टोपी शिवलेली घोंगडी चोरीला गेली. देवीला कळवायचंय."

चोरीची तक्रार पत्र्यावर कोरून, गुंडाळून देवीच्या उकळत्या कुंडात टाकण्याची आमची रीत आहे. दुसऱ्यासाठी मी प्रथमच लिहीत होतो, म्हणून प्रत्येक अक्षर दोनदा तपासले. 'घोंगडी चोरणाऱ्यास' असा आरंभ करताच तिने माझा हात धरला.

"चोर ती विकून मोकळा होईल. जिच्याकडे, ज्याच्याकडे असेल त्याला धरा. गुलाम असो, नसो. त्याला झोप लागू नये, बसता येऊ नये."

तिची बुद्धी मला वकिलाची वाटली.

पत्रा कुंडात टाकल्यावर ती प्रत्येक गिऱ्हाइकाला न्याहाळू लागली. स्नानगृहात कपडे राखणारा व्हितालिनुस उभ्यानेच खात असे.

"बसा की," ती म्हणाली. "का, बसवत नाही?"

"मूळव्याध आहे, बाई."

"कधीपासून?"

"तुझी सॉसेज खायला लागल्यापासून."

बाराव्या दिवशी घोंगडी सापडली. सेनोवराच्या बहिणीच्या घरी ती पावाच्या भिजवलेल्या पिठाच्या परातीवर पांघरलेली होती. थंडीत पीठ फुगावे म्हणून सेनोवरानेच ती तेथे घातली होती. त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. पुढल्या रात्रीही नाही. हे भीतीने झाले की देवीने केले, याचा निर्णय मला आजही करता आलेला नाही. दिवसभर ती उभीच राहू लागली.

पुजाऱ्यांनी सांगितले, कुंडात गेलेला पत्रा बाहेर निघत नाही. घोंगडी बहिणीला द्यावी, तर शाप बहिणीकडे जाणार. परक्याला द्यावी, तर ते पाप कोणाचे?

आठवडाभराने सुजलेल्या डोळ्यांनी ती नवा पत्रा घेऊन आली. मी लेखणी उचलली व काय लिहू, असे विचारले.

"साधंच लिहा, बाबा. घोंगडी माझ्याचकडे आहे. चोर कुणी नव्हता. मला झोपू दे."