शेवटच्या कडव्यातलं नाव

कडूवहिनी गेली आणि तिच्या पुण्यानुमोदनाला तिचा नवरा शाहीर रंगनाथ पाऊण तास बोलला. त्यात वहिनी दोनदा आली. एकदा भाकरी चांगल्या करायची म्हणून आणि एकदा शाहिराच्या पाठीशी उभी राहिली म्हणून. बाकी सगळा वेळ रंगनाथच होता. कुठल्या गावात लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, कुठल्या पुढाऱ्यानं भर सभेत मिठी मारली, सगळं झालं. समोर वहिनीचा हार घातलेला फोटो होता आणि मी मांडीवर ढोलकी घेऊन बसलो होतो. ही अठ्ठ्याण्णवची, म्हणजे गेल्या वर्षीची गोष्ट.

मी सूर्यभान. रंगनाथच्या गायन पार्टीत बावीस वर्षं ढोलकी वाजवली. सोनईजवळच्या आमच्या वस्तीत त्याचं आणि माझं घर भिंतीला भिंत लावून आहे, म्हणून मला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कुणाला नाही. त्याची बायको वारली एवढंच लोकांना माहीत. रंगनाथनं जन्मात एक गाणं रचलं नाही, हे कुणालाच माहीत नाही. गाणी सगळी वहिनीची.

ती शाळेची पायरी चढली नव्हती. दिवसभर खुरपताना तिच्या मनात गाणं जुळायचं, संध्याकाळी चुलीपुढं ती ते म्हणून दाखवायची. रंगनाथ पेटीवर चाल बसवायचा, मी पत्र्याच्या डब्यावर ठेका धरायचो. आमच्या गाण्यांची रीत अशी की शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. ते ऐकलं की लोकांना कळतं, गाणं कुणाचं. वहिनी आपणहून तिथं रंगनाथचं नाव घालून द्यायची आणि वर हसायची, गातो त्याचं नाव म्हणायची. पुढं पुढं रंगनाथला खरंच वाटायला लागलं की गाणी आपणच रचतो. आरशासमोर फेटा बांधताना तो गुणगुणायचा आणि स्वतःच्याच आवाजानं त्याचे डोळे भरून यायचे. मी त्याला वाईट माणूस म्हणणार नाही. त्याला आपल्याशिवाय दुसरं माणूस दिसायचंच नाही, एवढंच.

त्यांना एकच लेक, यशोधरा. सात वर्षांची. नुकतं लिहायला शिकली होती, तर कोळसा घेऊन दिसेल त्या भिंतीवर स्वतःचं नाव काढायची. एक्क्याण्णवच्या एप्रिलमध्ये, ऐन जयंतीच्या दिवसांत, तिला जबर ताप भरला. त्या दुपारी श्रीरामपूरला आमचा कार्यक्रम होता आणि वस्तीवर टेम्पो एकच. वहिनी म्हणाली, आधी पोरीला सोनईच्या दवाखान्यात सोडा, मग जा. रंगनाथनं पोरीच्या कपाळाला हात लावला.

"उतरंल ताप. तिकडं लोकं माझी वाट बघत्यात."

टेम्पोत मीही चढलो. हे मला सांगायलाच हवं. वहिनीनं कुणाची तरी बैलगाडी जुंपायला लावली. दवाखाना यायच्या आत पोर वाटेतच आईच्या मांडीवर गेली. त्या वेळी आम्ही श्रीरामपुरात तिसरं गाणं रंगवत होतो.

दोन महिने वहिनी कामापुरतंसुद्धा बोलली नाही. मग एका संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं एकदम गाणं म्हटलं.

*यशो लिहिलं भिंतीला, धरा राहिलं गं बाई,*
*कोळसा तिथंच हाय गं, हात तेवढा न्हाई.*

अशी पाच कडवी होती. चुलीमागच्या भिंतीवर पोरीचं ते अर्धं नाव खरंच होतं. वहिनी सारवताना तेवढी जागा सोडून सारवायची. पाचव्या कडव्यात तिनं पहिल्यांदाच स्वतःचं नाव घातलं होतं, कडू. वरची दोन भावंडं गेली म्हणून आईबापांनी तिचं असं नाव ठेवलं होतं, कुणाची नजर लागू नये म्हणून. गाणं ऐकून रंगनाथ ढसाढसा रडला, अगदी खरं रडला. मग डोळे पुसून म्हणाला, हे गाणं आपल्याला कुठल्या कुठं नेणार.

"गावा की," वहिनी म्हणाली. "पन शेवटचं कडवं हाय तसं ऱ्हाऊ द्या. बाकीची समदी गानी तुमची. ह्या एकात माझं नाव लेकीजवळ बसू द्या."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून व्हय म्हटलं. त्याला साक्षीदार मी एकटा.

कार्यक्रमात तो चारच कडवी म्हणायचा. वेळ पुरत नाही म्हणायचा. पण त्र्याण्णवला एका कॅसेटवाल्यानं बोलावलं आणि तिथं गाणं पुरं म्हणणं भाग होतं. कडू हे काय कॅसेटवर यायचं नाव हाय का, लोक हसतील, असं म्हणून रंगनाथनं पाचवं कडवंच बदललं. आता ते 'शाहीर रंगनाथ सांगे, फाटलं काळीज बापाचं' असं झालं. पण जागा होती दोन अक्षरांची. त्याचं नाव तिथं मावेना. दोनदा तो अडखळला. मग मला म्हणाला, सूर्यभान, माझं नाव म्हणून होईस्तोवर तिथं जरा ठेका धरून ठेव. मी धरून ठेवला, अशा सफाईनं की ऐकणाऱ्याला जोड कळू नये. कॅसेटवाल्यानं माझी पाठ थोपटली आणि मला बरं वाटलं. त्याची मला अजून लाज वाटते.

पंधरा दिवसांनी कॅसेट आली. वर रंगनाथचा फेटा बांधलेला फोटो. वहिनीनं अंगण सारवलं, ठेवणीतलं पातळ नेसली, बाजेवर टेप ठेवला आणि सगळी वस्ती जमली. आपलं नाव येणार म्हणून ती टेपच्या अगदी जवळ बसली होती. मला सगळं ठाऊक होतं आणि मी तोंड उघडलं नाही. पाचवं कडवं आलं. बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या, रंगनाथही रडत होता. वहिनी उठली आणि सगळ्यांना चहा घेऊन आली. मला कप देताना ती वाकून हळूच बोलली.

"भाऊजी, माझं नाव इवलंसं. तिथं त्यांचं एवढं मोठं नाव कसं मावलं? ढोलकी तर कुठंच अडली न्हाई."

मी चहाचा घोट घेतला. मग ती पुढच्या माणसाकडं गेली.

त्यानंतर तिनं गाणं रचलं नाही. रंगनाथ मात्र प्रत्येक कार्यक्रमात पोरीनं आपल्या मांडीवर जीव सोडल्याचं सांगायचा आणि मी मागं बसून ऐकायचो. सत्त्याण्णवला एक पुढारी घरी येणार, फोटो निघणार म्हणून त्यानं आतल्या भिंतींना चुना मारून घेतला. वहिनी रानात होती. परत आली तेव्हा कोळशाची अक्षरं गेली होती. वर्षभरानं तीही गेली. दुखणं पोटाचं होतं असं डॉक्टर म्हणाले, पण मला ते पटत नाही.

तर त्या पुण्यानुमोदनाला भाषण झाल्यावर रंगनाथनं पेटी ओढली आणि तेच गाणं काढलं. चार कडवी झाली आणि मी ढोलकीवरचा हात उचलला. त्याचा आवाज एकटाच पडला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. सात वर्षांत जे बोललो नव्हतो ते मी बोललो.

"हे गानं वहिनीचं हाय. शेवटचं कडवं तिचं म्हनायचं."

मला वाटलं तो चिडेल. तो चिडला नाही. त्यानं खरोखर न कळून विचारलं, "तिचं कंचं कडवं?"

मी म्हणायला तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. कडू एवढंच आठवलं, त्याच्या आधीचं नाही, पुढचं नाही. रंगनाथचं बदललेलं कडवं मी दोन-तीनशे वेळा वाजवलं होतं. तिचं एकदाच ऐकलं होतं, चुलीपुढं. तिला लिहिता येत नव्हतं, मी लिहून घेतलं नव्हतं. मी तिच्या फोटोकडं बघितलं. ती नेहमीसारखी थोडी बाजूला बघत होती.

मागून कुणीतरी म्हणालं, उरका, जेवणं खोळंबलीत. रंगनाथनं सूर धरला, शाहीर रंगनाथ सांगे. आणि त्या जागी माझ्या हातानं सवयीनं ठेका धरून ठेवला.