टोपल्यांच्या पुस्तकाचं कार्ड

मुलुंडच्या कॉलेजातून भांडुपला चालत निघालेल्या शेवंतीमावशी नाहूरशी दम खायला थांबल्या. ग्रंथालयातली त्यांची बावीस वर्षांची नोकरी आज, शहाऐंशीच्या दिवाळीआधी, संपली होती. सोबत तिथलीच नवी कारकून क्षमा होती.

"यंदाचंही कार्ड फाडलं गं ग्रंथपालसाहेबांनी," मावशी म्हणाल्या.

मावशी जातीनं कैकाडी; कैकाड्यांच्या टोपल्या विणण्यावरचं पुस्तक कार्डांच्या खणात 'गुन्हेगार जमाती' या मथळ्याखाली होतं. कैकाड्यांना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारे इंग्रज गेले, मथळा राहिला. दर दसऱ्याला खणांना झेंडू वाहून झाला, की मावशी त्याच पुस्तकाचं, 'हस्तकला' लिहिलेलं कार्ड हळूच आत सरकवत.

"आता मी लिहीन, मावशी."

"नको गं बाई, फाडतीलच. जूनमध्ये माझी नात कॉलेजात येतेय. तिनं ते पुस्तक मागितलं, तर तूच काढून दे. तो खण तिला उघडू देऊ नकोस."