शेंदूर पुसणारे भय्यासाहेब

आमच्या भय्यासाहेब काकांकडे उज्जैनला माधव नगरात पाहुणा उतरला की त्याची सुटका नव्हती. महाकालचं दर्शन झालं, क्षिप्रेत आंघोळ झाली, की रविवारी दुपारच्या मोटारीत कोंबून त्याला बारा मैलांवरच्या आमलाखेडीला न्यायचे. सोबत मी, कारण डबा धरायला कुणीतरी हवं. तिथे जुन्या नाक्याच्या कोठीत सरकारी म्युझियम होतं, आणि काका तिथले एकुलते एक कारकून, चौकीदार आणि झाडूवाले.

म्युझियम म्हणजे एक खोली, एक ओसरी आणि शेतांतून निघालेल्या तेवीस मूर्ती. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने नंबर. काका पाहुण्याला बावीस मूर्ती भराभर दाखवायचे आणि सात नंबरच्या देवीसमोर बरोबर चारला आणून उभं करायचे. त्या वेळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट तिच्या तोंडावर येई. नाक फुटलेलं, डोळे खाली झुकलेले, आणि डावीकडे ओठाच्या टोकाला हसू. "दिसलं का?" असं काका हळूच विचारायचे. न दिसणाऱ्याला पुन्हा कधी आणलं जात नसे. ग्वाल्हेरची बढती त्यांनी तिच्यापायी नाकारली. माझ्याकडे इतकं निरखून एकदाही पाहिलं नाही, असं अहल्याकाकू सगळ्यांदेखत सांगायच्या, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

भांडण होतं ते गावातल्या बायकांशी. त्यांच्या लेखी ती माता होती. दर मंगळवारी पहाटे कुलूपबंद दाराच्या गजांमधून हात घालून त्या तिला शेंदूर फासायच्या. दहाला काका येत, संतापत, आणि खिशातलं तिळाच्या तेलाचं फडकं काढून तासभर पुसत बसत. सगळ्यांत पुढे पटेलाची नंदाबाई. तिला त्यांनी किती वेळा झापलं याला गणती नाही. ही म्युझियमची चीज आहे, खंडित मूर्तीची पूजा करत नाहीत, एवढंही कळत नाही का? ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या मंगळवारी हजर. वीस वर्षं हेच चाललं.

संस्थान गेलं, मध्यभारत आलं. काकांनी बाहेरची पाटी स्वतः रंगवली. छप्पनमध्ये मध्यप्रदेश झाला, पाटी पुन्हा रंगवली. ती वाळतेय तोच वरून कागद आला: लहान म्युझियमं बंद, मूर्ती भोपाळला. फक्त जिची गावात पूजा चालू असेल ती मूर्ती हलवायची नाही. काकांनी तीन अर्ज पाठवले. एकाचंही उत्तर नाही. सोमवारी ट्रक येणार होता.

रविवारी आम्ही दोघंच गेलो. काका सात नंबरसमोर बराच वेळ बसले, मग उठून नंदाबाईला बोलावून आणलं आणि मान खाली घालून शेंदूर मागितला. तिला वाटलं, थट्टा करतायत. कागदाचं ऐकल्यावर ती घरी जाऊन वाटी घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिली.

"आप ही लगाओ, भय्याजी. बीस बरस आपने ही उतारा है."

काकांनी पायांपासून सुरुवात केली. पाय झाले, हात झाले, छाती झाली. तोंडापाशी बोटं थांबली. मी म्हटलं, तोंड राहू द्या. नंदाबाईने नुसती मान हलवली. कोरं तोंड पाहून कुठला साहेब पूजा मानणार? चार वाजले होते, ऊन आलेलं होतं. काकांनी डोळे मिटले नाहीत. ओठाचं टोक त्यांनी सगळ्यांत शेवटी भरलं.

दुसऱ्या दिवशी ट्रकबरोबर साहेब आले. नखाने शेंदूर खरवडून पाहिला, अजून ओला होता. त्यांनी विचारलं, पूजा कधीपासून चालते? रजिस्टरात आयुष्यात एक खोटी ओळ न लिहिलेले आमचे काका म्हणाले, "वीस वर्षं झाली, साहेब." तेही खरंच होतं म्हणा. बावीस मूर्ती ट्रकमध्ये चढल्या.

काकांची बदली उज्जैनच्या कचेरीत झाली, पण रविवार सुटला नाही. शेंदराचे थर चढत गेले, बोटभर जाड झाले. आता पाहुण्यांसमोर एक लाल गोळा असे आणि काका बोटाने दाखवत: इथे डोळे, इथे ओठ, हसू डावीकडे. पाहुणे माना डोलवत. मला चीड यायची, पाहुण्यांची की काकांची, कोण जाणे.

एकदा मोटारीची वाट पाहताना मी थेटच विचारलं. तेलाचं फडकं तर अजून तुमच्या खिशात असतं, मग एकदा, फक्त एकदा, पुसून का पाहत नाही?

काकांनी खिसा चाचपला. फडकं होतं.

"पुसलं की ती परत सात नंबर होईल गं," ते म्हणाले. "मग तिला घेऊन जातील."

मोटार आली. डबा मी धरला.