दहाव्या वेळेचं पाणी

वसुंधराताई आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, अकोट्यात, विश्वामित्री नदीपासून हाकेच्या अंतरावर. जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतरही ती खोड गेली नाही. भाजीवालीलासुद्धा सरासरी समजावून सांगणारी बाई! मी त्यांची पुष्कळ थट्टा केली आहे.

त्यांचे यजमान दीनानाथ रिफायनरीतून निवृत्त झाले आणि अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले. खांदा असा दुखायचा की कूस बदलली तरी डोळ्यांत पाणी यायचं. त्यात पावसाळा आला की विश्वामित्रीची पातळी वाढल्याचे महापालिकेचे निरोप सुरू. निरोप आला की ताई जिन्यातून हाक मारायच्या, "गजेंद्रभाई, चालो, यांना वर घ्यायचंय." लिफ्ट नाही. आम्ही चौघे त्यांना खुर्चीत बसवून माझ्या घरी आणायचो. ते वाटभर कण्हायचे. आणि बहुतेक वेळा पाणी यायचंच नाही.

एकदा मी वैतागलोच. "ताई, दहातल्या नऊ वेळा त्यांना फुकटचा त्रास देता तुम्ही."

त्यांनी चहा पुढे केला आणि शिकवायलाच बसल्या. "घरात पाणी किती चढेल, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. कधी शून्य, कधी गुडघाभर, कधी कमरेएवढं. अशा आकड्याला यादृच्छिक चल म्हणतात. मग काय करायचं? प्रत्येक शक्यतेतलं नुकसान तिच्या संभाव्यतेने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. ते झालं अपेक्षित मूल्य. वर नेलं तर दर वेळी थोडं दुखणं. खाली ठेवलं तर नऊ वेळा काहीच नाही, पण दहाव्या वेळी माणूसच जातो. पाणी शिरल्यावर उचलायला चौघे कुठून आणू? एवढं मोठं नुकसान दहाने भागलं तरी दुखण्यापेक्षा जडच भरतं."

मला पटलं. त्यानंतर मी कधी कुरकुर केली नाही.

मागच्या श्रावणात पुन्हा निरोप आला. दीनानाथ म्हणाले, "वसू, आज नको. खालीच राहू दे मला." बोलणं बोबडं होतं, पण सगळ्यांना कळलं. ताई थोडा वेळ त्यांच्या उशाशी बसल्या. मग म्हणाल्या, "अहो, आज ती दहावी वेळ नाही, हे मला कोण सांगणार?" आम्ही त्यांना वर आणलं.

पाणी सोसायटीच्या फाटकापर्यंत आलं आणि ओसरलं. सकाळी माझ्या घरात, परक्या पलंगावर, दीनानाथ गेले. हलवल्यामुळे की कसं, ते डॉक्टरांनाही सांगता येईना.

भेटायला येणारे कुजबुजायचे, उगाच हलवलं. माझं डोकं फिरायचं. दिवसकार्य झाल्यावर मी ताईंना सरळच म्हणालो, "लोकांचं मनावर घेऊ नका. एका वेळी काय झालं, त्यावरून हिशेब चुकला असं होत नाही. तुम्हीच शिकवलंत मला."

"हिशेब चुकलेला नाहीच," त्या म्हणाल्या. "उद्या तसाच निरोप आला तर मी पुन्हा तेच करीन." मग जिन्याकडे पाहत म्हणाल्या, "जिन्यात त्यांनी कठडा घट्ट धरला होता, गजेंद्रभाई. तुम्ही खुर्चीमागे होतात, तुम्हाला दिसलं नसेल. एकेक बोट मी सोडवलं. ते कशाने गुणायचं, हे मला येत नाही."