इराच्या वकीलबाई

साधा चहा विचारला तरी ‘हा कशासाठी?’ अशा नजरेने बघणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या इराच्या वकीलबाई. अमेरिकेत नेपरव्हिलला राहत असताना माझा आणि मंदारचा घटस्फोट कोर्टात होता. मुलगी कोणाकडे राहणार यावरून भांडण चालू होतं, म्हणून न्यायाधीशांनी सात वर्षांच्या इरासाठी वेगळी वकील नेमली. साठीच्या, उंच, पांढऱ्या केसांच्या या बाई बर्फात घालायचे बूट दारात काढून जाड मोज्यांनी घरभर हिंडायच्या आणि पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायच्या. “तुमच्याकडे चहा घेतला तर त्यांच्याकडेही घ्यावा लागेल, आणि मग कोणाचा चांगला होता ते माझ्या डोक्यात राहील,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी इंग्रजीत स्वच्छ सांगितलं. आलं किसून केलेला चहा मी सिंकमध्ये ओतला आणि मनातल्या मनात त्यांचं नाव शंकासुर ठेवलं.

कोणी काहीही सांगितलं की त्या विचारायच्या, “हे तुम्ही स्वतः पाहिलंत?” तिथल्या मराठी मंडळातल्या चार कुटुंबांनी मंदारसाठी पत्रं दिली होती. गणपतीत साउंड सिस्टिम तोच सांभाळतो, इतका शांत माणूस शोधून सापडणार नाही, वगैरे. बाईंनी चौघांनाही फोन करून विचारलं, की तुम्ही त्यांच्या घरी कधी, किती वेळ होता? हे ऐकून मला फार बरं वाटलं. पण मग तोच प्रश्न माझ्याकडे वळला.

मंदार मला मारायचा. एकदा-दोनदा नाही, पाच वर्षं. मी कधी पोलिसांना फोन केला नाही. माझा व्हिसा त्याच्या नोकरीवर होता, आणि घरातलं बाहेर सांगायला माझी जीभच रेटत नव्हती. फोटो नाही, डॉक्टरचा कागद नाही. त्याचा वकील म्हणत होता, असं काही झालंच नाही, आणि झालं असलं तरी बापाने मुलीला कधी बोट लावलेलं नाही, मग तिचा काय संबंध? मंदारला अर्धा आठवडा हवा होता. म्हणजे अर्धा आठवडा इरा त्या घरात त्याच्याबरोबर एकटी. ते होणार की नाही हे या बाईंच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

म्हणून मीही त्यांच्यावर पाळत ठेवल्यासारखीच वागले. त्या त्याच्याकडे दोन तास बसल्या, माझ्याकडे चाळीस मिनिटं. एका मैत्रिणीने गाडीतून जाताना त्यांना त्याच्या घरापुढच्या ड्राइव्हवेमध्ये त्याच्याबरोबर हसताना पाहिलं. “त्याने पटवलं यार तिला,” ती म्हणाली. मला ते लगेच खरं वाटलं, कारण मलाही एके काळी त्याने असंच हसवून पटवलं होतं.

मग मी एक घोडचूक केली. मंडळात मुलांची नाटुकली बसवणाऱ्या सुलभाकाकू म्हणाल्या, “अगं, पोर अडखळली तर कोर्टाला वाटेल खोटं बोलतेय. पाठ करून घे.” आपल्याकडे पाठांतरावर भारी विश्वास. श्लोक, पाढे, भाषण, सगळं त्याच रांगेत. आठवडाभर मी इराकडून चार वाक्यं इंग्रजीत घोटून घेतली. बाई आल्या. इरा सोफ्यासमोर ताठ उभी राहिली, हात मागे बांधले आणि बाबा आईला कसे मारतात ते न चुकता म्हणून दाखवलं. शेवटी स्टेजवर करतात तसा नमस्कार करून “थँक यू” म्हणाली.

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं आणि दारात बूट चढवताना मला म्हणाल्या, “यातला प्रत्येक शब्द खरा असू शकतो. पण आता मला तो वापरता येणार नाही.” मी दार लावून तिथेच खाली बसले. खरं होतं तेच मी माझ्या हाताने खोटं करून ठेवलं होतं, आणि तेही पोरीच्या तोंडून.

पुढच्या वेळी त्या न सांगता आल्या, शनिवारी दुपारी. माझं भाड्याचं टाउनहोम, शेजाऱ्यांचं गॅरेज आमच्या भिंतीला लागून. बाई कार्पेटवर बसून इराबरोबर जिगसॉ लावत होत्या, मी मिक्सरवर चटणी करत होते. एरवी आठवडाभर बाहेरगावी असणारे शेजारी परत आले आणि गॅरेजचं दार गडगडत वर गेलं. इरा उठली. टीव्ही बंद केला, दारातल्या माझ्या चपला सरळ लावल्या, माझा फोन आणून माझ्या हातात दिला आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

बाई तिच्याकडे पाहत होत्या. नंतर माझ्याकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मिक्सर मी कधीच बंद केला होता आणि भिंतीला पाठ लावून उभी होते. आम्ही एकत्र होतो त्या घरी मंदार कामावरून आला की असंच गॅरेजचं दार गडगडायचं.

त्या बाथरूमच्या दाराबाहेर फरशीवर बसल्या. “इरा, हे तुला कोणी शिकवलं?”

“नोबडी,” आतून आवाज आला. “गॅरेज ओपन्स, वी डू धिस.”

रिपोर्ट आला. मुलीला बोट लागलेलं नाही, पण मार तिच्या अंगात शिरलेला आहे, अशा अर्थाचं बाईंनी लिहिलं होतं. मंदारने हिंसेबद्दलचा कोर्स पूर्ण करेपर्यंत त्याने इराला फक्त देखरेखीखाली, एका सेंटरमध्ये भेटावं. आणि त्याखाली माझ्याबद्दल: आई मुलीच्या तोंडी वाक्यं घालते, तिनेही समुपदेशन घ्यावं. न्यायाधीशांनी दोन्ही मान्य केलं. मला इतका राग आला, की आपल्या मनासारखं झालंय हे कळायलाच वेळ लागला.

कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये मी त्यांच्यापुढे पेढ्यांचा डबा धरला. त्यांनी अर्थातच घेतला नाही. “मी तुमची वकील नव्हते,” त्या म्हणाल्या. “आणि आपण जिंकलो असं इराला सांगू नका. तिचे वडील हरलेत असं तिला वाटायला नको.” कोट चढवला आणि गेल्या. त्यानंतर त्या मला कधी भेटल्या नाहीत. मला त्या आवडल्या होत्या हे त्यांना सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर त्यांनी त्यावरही संशय घेतला असता.

गेल्या महिन्यात इरा सेंटरमधून आली आणि स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, “आई, आज बाबाबरोबर मजा आली. ही वॉज रिअली फनी.” तो असाच गोड बोलतो, भुलू नकोस, हे वाक्य अगदी ओठांवर आलं. पण समुपदेशनात सहा महिने मी दुसरं काय शिकले? विचारलं, “काय केलंत?” ती सांगत राहिली आणि मी एकही शब्द दुरुस्त केला नाही.

तिचं सांगून झालं. ती माझ्याकडे बघत राहिली.

“तू मॅड नाहीस? रागावली नाहीस?”

“नाही.”

“मग दुसरं पण सांगू? जे मी कोणालाच नाही सांगितलं?”

लाटलेली पोळी तशीच टाकली आणि तिच्यासमोर खाली बसले.

“सांग,” म्हटलं.